टवाळीचा सूर आणि १४ कोटी डॉलरचं बिल: गॉकर विरुद्ध हल्क होगन

नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं त्यांना हल्क होगन कोण हे सांगायची गरजच नाही. मे महिन्याच्या सुट्टीत बिल्डिंगच्या जिन्यात बसून डब्ल्यूडब्ल्यूएफचे, म्हणजे टीव्हीवरच्या अमेरिकन कुस्तीचे, ट्रम्प कार्ड खेळायचो, "चेस्ट!" "वेट!" असं ओरडत, त्यातला तो पिवळ्या बनियनचा, पांढऱ्या मिशांचा, डोक्याला फडकं बांधलेला गडी. तर या गड्याने २०१६ मध्ये न्यूयॉर्कची एक अख्खी मीडिया कंपनी आडवी केली, तीही रिंगमध्ये नाही, फ्लोरिडातल्या एका कोर्टात काळं फडकं बांधून साक्ष देऊन. कंपनीचं नाव गॉकर मीडिया.

ही केस मी बरेचदा वाचलीये, कारण मी एका मराठी पोर्टलच्या सोशल डेस्कवर काम करतो आणि आमचं काम तेच आहे जे ते लोक करायचे. सकाळी बातमी उचलायची, तिला फोडणी द्यायची, जरा चिमटा काढायचा, सेलिब्रिटीचं लग्न असो की मंत्र्याची जीभ घसरलेली असो, सगळ्याला एकच चटकदार सूर. त्यामुळे गॉकरची गोष्ट लांबची वाटत नाही. आणि लोक ती सांगताना नेहमी "अब्जाधीशाने बदला घेतला" एवढीच सांगतात, जी खरी आहे पण अर्धी आहे. मला त्यातला दुसरा अर्धा भाग जास्त खुपतो, तो म्हणजे सूर.

आधी गॉकर म्हणजे काय ते बघू. इंग्रजीत गॉक करणं म्हणजे आ वासून बघत बसणं, रस्त्यात भांडण लागलं की आपण गाडी बाजूला घेऊन बघतो ना, तसं. नावातच सगळं आलं. निक डेंटन नावाचा ब्रिटिश माणूस, आधी फायनान्शियल टाइम्समध्ये पत्रकार होता, त्याने २००२ च्या शेवटी हे सुरू केलं. त्याचं म्हणणं असं की पत्रकार पेपरात जे छापतात त्यापेक्षा संध्याकाळी बारमध्ये बसून एकमेकांना जे सांगतात तीच खरी बातमी असते, मग आपण तेच छापू. आपल्याकडे पत्रकारांसोबत चहा प्यायलेल्या कोणालाही हे लगेच पटेल, कारण खरं राजकारण पहिल्या पानावर नसतं, टपरीवर असतं.

आणि हे चाललं, भन्नाट चाललं. गॉकर मीडियाच्या छत्रीखाली बाकीच्याही साइट होत्या, गॅजेटसाठी गिझमोडो, खेळासाठी डेडस्पिन, बायकांच्या नजरेतून जग बघणारी जेझेबेल, गेमिंगची कोटाकू, गाड्यांची जॅलॉपनिक, घरगुती युक्त्यांची लाइफहॅकर. आज इंटरनेटवर तो जो एक सूर सगळीकडे ऐकू येतो ना, थोडा कंटाळलेला, थोडा खवचट, "आम्हाला सगळं कळतं" टाइप, तो घडवण्यात या लोकांचा मोठा वाटा आहे. ऑफिसात भिंतीवर मोठी स्क्रीन, कोणाच्या पोस्टला आत्ता किती वाचक आहेत ते लाइव्ह दिसायचं, आणि एके काळी लेखकांना पैसेही पेजव्ह्यूच्या हिशोबाने मिळायचे. आमच्या डेस्कवर पण स्क्रीन आहे, छोटी आहे, पण मान तिकडेच वळते.

आता कोणी म्हणेल की मग हे नुसते चहाटळ लोक होते. नाही ना! इथेच गंमत आहे. टोरांटोचा महापौर रॉब फोर्ड क्रॅक (कोकेनचा एक प्रकार) ओढताना दिसतो असा व्हिडिओ आपण पाहिलाय ही बातमी २०१३ मध्ये गॉकरने दिली, टोरांटो स्टारनेही त्याच सुमारास, आणि महापौर आधी नाही नाही म्हणत शेवटी कबूल झाला. हिलरी क्लिंटन बाईंचा खासगी ईमेल अकाउंट, ज्यावरून पुढे २०१६ च्या निवडणुकीत एवढं रामायण झालं, त्याचा धागा गॉकरने २०१३ मध्येच लिहिला होता. डेडस्पिनने एका कॉलेज फुटबॉल स्टारची 'वारलेली गर्लफ्रेंड' मुळात अस्तित्वातच नव्हती हे शोधून काढलं, जेव्हा मोठमोठे पेपर तिच्यावर गहिवरून लेख लिहीत होते. गिझमोडोने २०१० मध्ये बाजारात न आलेला आयफोन ४ पाच हजार डॉलर देऊन मिळवला आणि उघडून दाखवला, पोलीस संपादकाच्या घराचं दार तोडून आत शिरले. म्हणजे जिगर होती. पण हे सगळं आणि कोण कोणाबरोबर झोपतो हे, एकाच पानावर, एकाच सुरात, एकाच स्क्रीनवर मोजलं जात होतं. लेखकाने गिअर बदलावा अशी अपेक्षाच नव्हती, उलट जो गिअर बदलेल तो बोअर.

तर २०१२ साल. संपादक ए. जे. डॉलेरिओला कोणीतरी निनावी पोस्टाने एक डीव्हीडी पाठवते. त्यात साधारण ३० मिनिटांचं फुटेज, हल्क होगन आणि त्याच्या जिगरी दोस्ताची बायको, दोस्ताच्याच घरात. दोस्त म्हणजे फ्लोरिडाचा रेडिओवाला, त्याने स्वतःचं कायदेशीर नावच 'बब्बा द लव्ह स्पंज' करून घेतलंय, मी हे बनवून सांगत नाहीये. होगनचं म्हणणं, आपलं चित्रण होतंय हे आपल्याला माहीतच नव्हतं. असा व्हिडिओ आहे याची कुजबुज काही महिने आधीच दुसऱ्या साइटवर आली होती, काही फोटोही फिरले होते. ४ ऑक्टोबरला गॉकरने काय केलं, ३० मिनिटांतून १ मिनिट ४१ सेकंदांचा तुकडा कापला, सोबत डॉलेरिओने लांबलचक, खरं तर बऱ्यापैकी चांगला लिहिलेला लेख टाकला की आपल्याला सेलिब्रिटींचं असलं बघावंसं का वाटतं वगैरे, आणि हेडिंग अशा अर्थाचं की ऑफिसात बघण्यासारखं नाहीये पण बघाच.

इथे जरा थांबतो, कारण पुढची सगळी केस या एका निर्णयात आहे. लेख आणि क्लिप या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. लेख नुसता राहिला असता तर बहुतेक काहीच झालं नसतं. होगन सार्वजनिक माणूस, स्वतःच्या सेक्स लाइफबद्दल रेडिओ शोमध्ये जाऊन बढाया मारणारा, घरच्यांसोबत रिअॅलिटी शो केलेला, त्याच्याबद्दल लिहिणं हे अमेरिकन कायद्यात बऱ्यापैकी सुरक्षित. पण क्लिपमुळे बातमीत काय भर पडली? तो होता, ती होती, हे तर लेखात आलंच होतं. क्लिप होती ती फक्त बघण्यासाठी, नावाला जागून. आणि मला खात्री आहे की त्या दिवशी गॉकरच्या ऑफिसात हा प्रश्न कोणी गंभीरपणे विचारला नसणार, कारण तिथे गंभीरपणे काही विचारणं हाच गुन्हा होता.

होगनच्या वकिलाने क्लिप काढा म्हणून पत्र पाठवलं, गॉकरने नाही म्हटलं. मग १० कोटी डॉलरचा दावा. आधी फेडरल कोर्टात, तिथल्या न्यायाधीशाने क्लिप काढायचा आदेश द्यायला नकार दिला, मग होगनच्या वकिलांनी डोकं चालवून केस फ्लोरिडाच्या राज्य कोर्टात नेली, पिनेलस काउंटीत, म्हणजे होगनच्या अंगणात. एप्रिल २०१३ मध्ये न्यायाधीश पामेला कॅम्पबेल यांनी सांगितलं, क्लिपही काढा आणि लेखही काढा. आता यावर शहाणा माणूस काय करेल, निमूटपणे दोन्ही उतरवेल आणि अपिलात जाईल, बरोबर? गॉकरने क्लिप उतरवली, लेख ठेवला, आणि वर नवी पोस्ट टाकली जिचं हेडिंगच असं की न्यायाधीशांनी आम्हाला पोस्ट काढायला सांगितलीये, आम्ही काढणार नाही. कायद्याच्या दृष्टीने त्यांचा मुद्दा चूक नव्हता, कारण २०१४ च्या जानेवारीत फ्लोरिडाच्या अपील कोर्टाने तो मनाई हुकूम रद्दच केला, हा विषय सार्वजनिक चर्चेचा आहे असं म्हणून. म्हणजे तोवर गॉकर जिंकत होतं! पण ज्या न्यायाधीशांसमोर पुढे पूर्ण खटला चालणार आहे त्यांनाच तुम्ही सगळ्या जगासमोर जीभ दाखवलीत. आमच्या गावाकडे म्हणतात, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये.

मग साक्षी. खटल्याआधी डॉलेरिओचा जबाब कॅमेऱ्यासमोर घेतला गेला, ज्याला ते डिपोझिशन म्हणतात. होगनच्या वकिलाने विचारलं, सेलिब्रिटीचा असा कुठला सेक्स व्हिडिओ असेल जो तुमच्या मते बातमी नाही? तो म्हणाला, लहान मूल असेल तर. वकिलाने विचारलं, किती वर्षांखालचं? तो म्हणाला, चार.

बस. एवढंच.

तो टवाळी करत होता, हे शेंबड्या पोरालाही कळेल. तासन्‌तास तेच तेच प्रश्न ऐकून वैतागला होता, आणि त्याच्या ऑफिसात वैतागल्यावर असंच बोलतात. पण मार्च २०१६ मध्ये ते रेकॉर्डिंग सेंट पीटर्सबर्गच्या कोर्टात सहा ज्युरींसमोर चाललं, त्यात चार बायका, सगळी साधी गावातली माणसं, ज्यांनी गॉकर आयुष्यात कधी वाचलेलं नसावं. त्यांना टवाळी दिसली नाही, त्यांना एक माणूस दिसला जो म्हणतोय की पाच वर्षांच्या पोराचा व्हिडिओ चालेल. नंतर साक्षीच्या पिंजऱ्यात तो सांगत राहिला की मी उपरोधाने बोललो, पण उपरोध समजावून सांगायला लागला की तो मेलेलाच असतो ना. रोज ज्या सुरात पोस्ट लिहायची, त्याच सुरात शपथेवर जबाब दिला, आणि माझ्या मते गॉकर खरं तिथे हरलं, पैसा नंतर आला.

होगनची साक्ष मात्र ऐकण्यासारखी होती. त्याने सांगितलं की हल्क होगन हे एक पात्र आहे, मी टेरी बोलिया, टाम्पाकडचा माणूस, आणि रेडिओवर जे बोललो ते हल्क होगन बोलला. त्यात एक अशक्य क्षण आला, शोमध्ये त्याने स्वतःच्या एका अवयवाच्या मापाबद्दल फुशारकी मारली होती, तर गॉकरच्या वकिलाने ते काढलं, आणि हा पठ्ठ्या म्हणाला, ते माप हल्क होगनचं, टेरी बोलियाचं नव्हे! ट्रम्प कार्डवर हा कॉलम नव्हता एवढं बरं. हसू येतं, पण नीट बघितलं तर हा माणूस कोर्टात जे करतोय ते गॉकरला जमलं नाही. त्याला माहिती होतं की रिंगमधला आवाज कोणता आणि साक्षीचा आवाज कोणता. आयुष्यभर खोटी कुस्ती खेळलेला माणूस सूर बदलायला शिकलेला होता, आणि खरं बोलण्याचा धंदा करणाऱ्यांना एकच सूर येत होता. (होगनच्या तोंडी असलेलं वर्णद्वेषी बोलणं २०१५ मध्ये नॅशनल एन्क्वायररने छापलं होतं, डब्ल्यूडब्ल्यूईने (म्हणजे जुन्या डब्ल्यूडब्ल्यूएफनेच) त्याच्याशी संबंधही तोडले होते, पण ते ज्युरींपुढे येऊ दिलं गेलं नाही. म्हणजे हा काही संत नव्हे, ज्युरींना दिसलेला होगन निवडून दाखवलेला होता.)

१८ मार्च २०१६, शुक्रवार. ज्युरींनी सहाएक तासांत निकाल दिला. मागितले होते १० कोटी, दिले साडेअकरा कोटी डॉलर, त्यात साडेपाच कोटी आर्थिक नुकसानीचे आणि सहा कोटी मानसिक त्रासाचे. सोमवारी परत बसले आणि दंड म्हणून अजून अडीच कोटींच्या थोडे वर, त्यातले दीड कोटी कंपनीवर, एक कोटी एकट्या डेंटनवर आणि एक लाख डॉलर डॉलेरिओवर, ज्याच्याकडे तेवढी दमडीही नव्हती. एकूण साधारण १४ कोटी, तेव्हाच्या भावाने नऊशे कोटी रुपयांच्या वर.

आता तो प्रसिद्ध अर्धा भाग. खटला चालू असताना डेंटनला एक गोष्ट खटकली होती. होगनच्या वकिलांनी दाव्यातला एक मुद्दा सोडून दिला, निष्काळजीपणामुळे झालेल्या मनस्तापाचा, आणि नेमका तोच मुद्दा असा होता की ज्यावर गॉकरच्या विमा कंपनीला पैसे भरावे लागले असते. विचार करा, नुकसानभरपाई हवी असलेला माणूस विमा कंपनीचा भरलेला खिसा हातचा का सोडेल? त्याला पैसे नकोच असतील, समोरच्याच्या खिशातूनच निघायला हवे असतील, तरच. शिवाय समझोत्याचे प्रस्ताव नाकारले जात होते. डेंटनला वाटलं यामागे कोणीतरी आहे.

होता. मे २०१६ मध्ये फोर्ब्सने नाव छापलं, पीटर थिएल. पेपालचा सहसंस्थापक, फेसबुकमध्ये बाहेरून पहिला पैसा लावणारा, २००४ मध्ये ५ लाख डॉलर. त्याने न्यूयॉर्क टाइम्सला कबुलीही दिली की होगनच्या आणि इतर काही केसेसवर मिळून आपण सुमारे एक कोटी डॉलर खर्च केले, आणि हे आपण केलेल्या मोठ्या परोपकारांपैकी एक आहे असंही म्हणाला. कारण काय, तर २००७ मध्ये गॉकरच्याच सिलिकॉन व्हॅलीवाल्या गॉसिप साइटने, व्हॅलीवॅगने, थिएल गे आहे हे छापलं होतं. ओळखीच्या वर्तुळात ते माहीत होतं म्हणे, पण त्याने स्वतः जाहीर केलेलं नव्हतं. त्या पोस्टचा सूर काय होता तर दोस्तीतला, "अरे, माहितीये का", जणू कौतुकच करतोय. लिहिणाऱ्याच्या मते ते उदारमतवादी होतं, लपवण्यासारखं काय आहे त्यात. डेंटन स्वतः उघडपणे गे होता, त्यालाही काही वावगं वाटलं नाही. पण ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला तो सूर कसा लागला हे साडेआठ वर्षांनी कळलं. साप डिवचून सोडला आणि तो डूख धरून बसला.

आता यात दोन बाजू घेणारे खूप लोक भेटतात. एक म्हणतात, बरं झालं, माजले होते. दुसरे म्हणतात, अब्जाधीशाने पैशाने पत्रकारिता मारली. मला दोन्ही खरं वाटतं आणि एकाने दुसरं खोटं होत नाही. थिएलने जे केलं ते भयानकच आहे, कारण तो लपून होता. ज्युरींना माहीत नव्हतं, न्यायाधीशांना माहीत नव्हतं, गॉकरला तर नव्हतंच. कायद्याने त्याला कोणी अडवलंही नाही. आपल्याकडे काय, तर सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये बार कौन्सिलच्या ए. के. बालाजी खटल्यात म्हटलंय की वकिलांनी अशिलाच्या केसमध्ये पैसा लावायचा नाही, पण तिसऱ्या माणसाने लावायला बंदी दिसत नाही. महाराष्ट्रात तर दिवाणी प्रक्रिया संहितेत राज्यापुरती दुरुस्तीच आहे की दाव्यातल्या मालमत्तेत हिस्सा घेऊन कोणी पैसा पुरवत असेल तर कोर्ट त्याला पक्षकार करून खर्चाची हमी मागू शकतं. पण थिएलसारखा, ज्याला हिस्सा नकोच आहे, नुसता समोरचा संपायला हवाय, त्याला त्यात कसं पकडणार ते मला काही उलगडलं नाही. एखाद्या वकील मित्राला विचारा, तो चहा पाजायला लावून सांगेल.

निकालानंतर बऱ्याच कायदेतज्ज्ञांचा अंदाज होता की अपिलात रक्कम तरी खूप कमी होईल किंवा निकालच फिरेल, आधी त्याच अपील कोर्टाने गॉकरची बाजू घेतली होतीच. पण अपील ऐकलं जाईपर्यंत वसुली थांबवायची तर फ्लोरिडात पाच कोटी डॉलरपर्यंतचा बाँड भरावा लागतो, आणि तेवढी रोकड नव्हती. म्हणजे कायद्यात कदाचित जिंकले असते, पण तिथवर जायचं गाडीभाडं नव्हतं. १० जूनला कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, ऑगस्टमध्ये डेंटननेही वैयक्तिक दिवाळखोरी. लिलावात युनिव्हिजन या स्पॅनिश टीव्हीवाल्या कंपनीने साडेतेरा कोटी डॉलरला सगळं घेतलं, सगळं म्हणजे गिझमोडो, जेझेबेल, डेडस्पिन, कोटाकू वगैरे, पण मूळ गॉकर डॉट कॉम त्यांनी चालवलं नाही, ते २२ ऑगस्ट २०१६ ला बंद झालं. नोव्हेंबरमध्ये होगनशी ३ कोटी १० लाखांवर मिटलं, म्हणजे निकालाच्या पाव भागाहूनही कमी.

त्याच समझोत्यात एक आपला मुंबईत जन्मलेला माणूसही आहे, शिवा अय्यादुरै. लहानपणी अमेरिकेत गेला, आणि चौदाव्या वर्षी आपणच ईमेलचा शोध लावला असा त्याचा दावा असतो. त्याने तेव्हा 'ईमेल' नावाचा एक प्रोग्रॅम लिहिला होता हे खरंय, पण इंटरनेटचा इतिहास लिहिणारे लोक म्हणतात की एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर निरोप पाठवणं त्याच्या कितीतरी आधीपासून सुरू होतं. गिझमोडोने त्याची सालं काढणारे लेख लिहिले होते. होगनच्याच वकिलाने, चार्ल्स हार्डरने, त्याचाही दावा चालवला, आणि कंपनी दिवाळखोरीत असल्याने तोही मिटवला, साडेसात लाख डॉलर दिले आणि ते लेख साइटवरून काढून टाकले. मला विचाराल तर अख्ख्या प्रकरणात सगळ्यात जास्त वाईट मला याचं वाटतं. होगनच्या क्लिपसाठी मी दोन अश्रू ढाळणार नाही, पण अय्यादुरैवरचे लेख म्हणजे जे काम करायला पत्रकार लागतात तेच काम होतं. क्लिपच्या खड्ड्यात पडल्यावर बरोबर लिहिलेलंही वाचवायला हातात काही राहिलं नाही.

आणि कोणी म्हणेल की सुधारायची संधीच मिळाली नाही, तर तसंही नाही. जुलै २०१५ मध्ये, होगनची केस तोंडावर असताना, गॉकरने एका मोठ्या मासिक कंपनीच्या अर्थविभागाच्या प्रमुखाबद्दल पोस्ट टाकली, लग्न झालेला, मुलं असलेला, वाचकांनी नावही न ऐकलेला माणूस, आणि त्याचं पुरुष एस्कॉर्टशी खासगी बोलणं छापलं. बातमी काय होती त्यात? काहीच नाही. यावेळी इंटरनेटच उलटलं, गॉकरचे चाहतेसुद्धा. डेंटनने पोस्ट काढून टाकली, तर दोन वरिष्ठ संपादकांनी राजीनामे दिले, पोस्टच्या लाजेने नव्हे हां, मालकांच्या बाजूने संपादकीय गोष्टीत हात घातला म्हणून. तत्त्व म्हणून त्यांचंही बरोबर, कंपनीचे पैसेवाले लोक पोस्ट उडवायला लागले तर उद्या काहीही उडवतील. पण मला नेहमी वाटतं की ही पाळी येण्याआधी, पोस्ट टाकायच्या आधी, कोणीतरी एकाने खुर्ची मागे सरकवून "अरे पण का?" एवढं विचारलं असतं तर. नंतर डेंटन म्हणाला म्हणे की आता गॉकर २० टक्के जास्त चांगलं वागणार. टक्केवारी! सूर हा पंख्याचा रेग्युलेटर असल्यासारखा.

पुढचं पटकन सांगतो. २०१८ मध्ये गॉकरचं नाव आणि जुना संग्रह लिलावात साडेतेरा लाख डॉलरला गेला, २०२१ मध्ये नव्या मालकाने परत सुरू केलं, २०२३ च्या फेब्रुवारीत परत बंद. डेडस्पिनच्या लेखकांना नव्या मालकांनी २०१९ मध्ये "फक्त खेळावर लिहा" सांगितलं तर अख्खा स्टाफ सोडून गेला. थिएल २०१६ मध्ये आणि होगन २०२४ मध्ये, दोघेही ट्रम्पसाठी रिपब्लिकन पक्षाच्या मंचावर जाऊन आले, होगनने तर तिथे बनियन फाडून दाखवलं. जुलै २०२५ मध्ये होगन गेला, ७१ व्या वर्षी, त्याच फ्लोरिडात.

आपल्याकडे असं झालं असतं तर काय, हा प्रश्न आमच्या डेस्कवर एकदा निघाला होता. पहिली गोष्ट, इथे १४ कोटी डॉलर देणारे ज्युरी नाहीत, दिवाणी दावा नातवाच्या काळात निकाली निघेल. पण उलट इथे थेट फौजदारी आहे. आयटी कायद्याचं कलम ६६ ई, संमतीशिवाय कोणाच्या शरीराच्या खासगी भागाचं चित्र टिपलं किंवा प्रसिद्ध केलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि ते पुरुषालाही लागू. ६७ ए त्याहून कडक, लैंगिक कृत्य असलेलं काही ऑनलाइन टाकलं तर पहिल्याच वेळी ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड. खासगीपणा मूलभूत अधिकार आहे हे सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं, पण त्याच्या खूप आधी, १९९४ च्या ऑटो शंकर प्रकरणातच कोर्टाने रेघ आखून दिली होती की सार्वजनिक नोंदींवर आधारित लिहिता येईल, माणसाच्या खासगी आयुष्यावर त्याच्या संमतीशिवाय नाही, तोच स्वतः चव्हाट्यावर आला असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे शब्दांना जागा आहे, क्लिपला नाही.

गेल्या वर्षी रात्रीच्या शिफ्टला एक क्लिप आली, व्हॉट्सअॅपवर, दहा ठिकाणांहून. कोण, कुठली, ते जाऊ दे. ट्रेनीने थंबनेलसुद्धा बनवून ठेवलं होतं, चेहऱ्यावर गोल करून, बाणबिण काढून, आणि हेडिंगमध्ये तोच आमचा नेहमीचा सूर, डोळा मारल्यासारखा. मला म्हणाला, दादा, ब्लर करून टाकू का, बाकी सगळ्यांनी टाकलीये. मी विचारलं, पोलिसात तक्रार झालीये का? म्हणाला हो, संध्याकाळी. म्हटलं मग तक्रार झाली एवढी चार ओळींची बातमी कर, साध्या भाषेत, नावाशिवाय, आणि क्लिप आधी फोनमधून डिलीट कर. तो तोंड वाकडं करून बसला. रात्रभर भिंतीवरच्या स्क्रीनवर आमची बातमी तळाला होती, आणि सकाळी मीटिंगमध्ये मला विचारण्यात आलं की आपण मागे का पडलो.